किटलीच्या शेजारची जागा

पक्षाची भिंत रंगवायची एक ठरलेली रीत होती. आधी सगळ्या भिंतीवर चुन्याचा हात फिरवायचा. वाळला की डावीकडे पक्षाचं चिन्ह, म्हणजे किटली, काढायची. तिच्याखाली ‘सर्वांसाठी ऊब’ ही घोषणा लिहायची. आणि उजवीकडे एक मोठा चौकोन कोरा सोडून शिडी उतरायची. तो चौकोन उमेदवाराच्या नावाचा. नाव वरून यायचं, आणि वरून येणाऱ्या गोष्टी आपल्या सवडीने येतात, त्यामुळे भिंत आधी तयार आणि माणूस मागून असा उलटा कारभार वर्षानुवर्षं चालत आला होता. भिंती रंगवणारा पेंटर म्हणायचा, मांडव घालून झाला, वाजंत्री येऊन बसली, आता नवरा तेवढा ठरायचाय.

या पेंटरच्या बायकोला सगळा वॉर्ड लाँड्रीवाली वहिनी म्हणायचा. लाँड्री म्हणजे दोन इस्त्र्या, एक लांब टेबल, चादरी टांगायच्या तारा आणि दाराशी कपड्यांचे गठ्ठे. याच टेबलाभोवती दुपारनंतर वॉर्डातला पक्ष भरायचा, कारण वहिनी वॉर्डप्रमुख होती. प्रमुख म्हणजे ज्याला लोक सगळ्यात आधी बोल लावतात तो, अशी तिच्या नवऱ्याने त्या पदाची फोड करून ठेवली होती. नळ कोरडा पडला, खांबावरचा दिवा गेला, कुणाच्या वडिलांचं पेन्शन अडलं, की लोक धुवायचे कपडे आणि गाऱ्हाणं एकाच पिशवीतून घेऊन येत. कपडे दोन दिवसांत परत जात. गाऱ्हाण्याला वेळ लागे, पण तेही बहुतेक वेळा मार्गी लागे.

भिंतीही तिनेच मिळवलेल्या होत्या. पक्षाला भिंत कुणी आपण होऊन देत नाही. दार वाजवावं लागतं, नाही ऐकून घ्यावं लागतं, पुन्हा वाजवावं लागतं. बेकरीवाल्याची भिंत मिळाली ती त्याच्या आईच्या आजारपणात वहिनी तिच्या उशाशी बसली म्हणून. चौकातली, सगळ्या बसेसना समोर दिसणारी भिंत मोठ्या बाईंची. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका त्या. अर्ध्या वॉर्डाचे कान त्यांनी पिळलेले, त्यामुळे उरलेला अर्धा वॉर्डही त्यांना वचकून. आपल्या भिंतीवर त्यांनी कधी साधा खिळाही ठोकू दिला नव्हता. वहिनीला मात्र म्हणाल्या होत्या, रंगव पोरी, पण तुझ्या नवऱ्याला सांग, ऱ्हस्वदीर्घ सांभाळ.

त्या वर्षी पक्षाने नवीन टूम काढली. उमेदवार आता वरून येणार नाही, तळातला कार्यकर्ता ठरवेल, असं शहराच्या अध्यक्षांनी माइकवर सांगितलं. शाळेच्या हॉलमध्ये सभासद जमले, इच्छुकांनी दोन-दोन शब्द बोलायचे आणि मग लोकांनी हात वर करायचे. वहिनी बोलायला उभी राहिली तेव्हा कडेवर मुलगी होती आणि मुलीच्या मुठीत आईचे केस होते. त्यामुळे तिचं सगळं भाषण मान वाकडी करूनच झालं. लोक हसले. मग हात वर झाले, आणि मोजायला उभा राहिलेला माणूस थोड्या वेळाने मोजायचं सोडून नुसता बघत राहिला. एवढे हात बघून वहिनीला आनंदाआधी भीतीच वाटली.

दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याच्या हातून एक चूक झाली.

वरून पक्कं झाल्याशिवाय चौकोनाला ब्रश लावायचा नाही, हा पेंटरचा स्वतःचाच नियम. या धंद्यात त्याने रातोरात कापलेली नावं पाहिली होती, आणि ओली नावं पुसणं किती जिवावर येतं तेही. पण त्या दुपारी ऊन छान होतं, मोठ्या बाईंच्या भिंतीला शिडी लावलेलीच होती, किटली काढून झाली होती आणि डब्यात लाल रंग उरला होता. वहिनी मुलीला पाळणाघरातून घेऊन चौकात आली तेव्हा तो रॉकेलमध्ये ब्रश धूत होता, आणि त्याच्या डोक्यावर, पाच पावलांवरून काय, समोरून जाणाऱ्या बसमधूनही वाचता येईल एवढं तिचं नाव होतं. साधं नव्हे. प्रत्येक अक्षराला निळी सावली. ही सावली तो फक्त सोनाराच्या पाटीला द्यायचा.

“अहो, अजून वरून आलेलं नाही,” ती म्हणाली.

“खालून आलंय की,” तो म्हणाला. “म्हटलं, शिडी लावलेलीच आहे, परत कोण चढणार.”

ती रागावली. लोक काय म्हणतील, अध्यक्ष काय म्हणतील, उतावळा नवरा म्हणतात तो हाच, असं सगळं बोलून झालं. मोठ्या बाई खिडकीतून ऐकत होत्या. त्यांनी नावातला उकार तपासला आणि खिडकी लावून घेतली.

पण दुसऱ्या दिवसापासून वहिनी पाळणाघरातून घरी येताना चौकावरून येऊ लागली. तो रस्ता लांबचा. दूध तापायचं असे, कपडे वाट बघत असत, तरी ती लांबून येई. भिंतीसमोर थांबत नसे, उगाच चाल जरा धीमी करे. मुलीला ती पिल्लू म्हणायची. पिल्लूला नुकतेच बोल फुटले होते. एक दिवस तिने नावाकडे बोट करून विचारलं, हे काय. वहिनीने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं, ती आई. त्यानंतर चौक आला की पिल्लू रोज भिंतीला हाक मारी, आई. खरी आई तिला कडेवर घेऊन उभी असे, आणि दोघींत कुठली मोठी हा प्रश्न पिल्लूला पडत नसे.

बातमी आणली ती कंडक्टरकाकांनी. काका बसवरून निवृत्त झाले होते, पण आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा. त्या सकाळी मात्र ते लाँड्रीत आले आणि काही न बोलता फोन टेबलावर ठेवून उभे राहिले. वहिनीने पाहिलं. वॉर्डाची उमेदवारी टायरवाल्यांच्या जावयाला मिळाली होती.

टायरवाले म्हणजे हमरस्त्यावरचं मोठं दुकान. त्यांचा जावई गेल्या महिन्यापर्यंत समोरच्या पक्षात होता. मागच्या निवडणुकीत त्याने याच गल्लीत किटलीच्या विरोधात पत्रकं वाटली होती, आणि एक पत्रक वहिनीच्याही हातात दिलं होतं.

ती एका शर्टाची कॉलर करत होती. अर्धवट सोडली की कॉलरला चुणी बसते आणि ती मग सहजी निघत नाही. तिने कॉलर पुरी केली, शर्ट घडी घालून बाजूला ठेवला, इस्त्री बंद केली आणि मग स्टुलावर बसली.

दुपारपर्यंत लाँड्री भरली. कुणी म्हणालं, हात वर करायला लावले ते काय आमची काखेची शिवण तपासायला? कुणी म्हणालं, किटलीचं असंच असतं, जाळ सोसायचा बुडाने आणि वाफ निघायची वरून. लोक हसले, पण ते हसणं दमलेलं होतं. याआधीही असंच झालं होतं, त्याच्याही आधी. दर वेळी लोक चिडायचे, दर वेळी दोन दिवस पत्रकं उचलायची नाहीत असं ठरायचं, आणि तिसऱ्या दिवशी सगळे पत्रकं उचलायचे. कंडक्टरकाकांनी मग पर्याय काढला. उद्या दुपारपर्यंत अर्ज भरता येतो. वहिनींनी अपक्ष उभं राहावं. आम्ही मागे आहोत.

सगळ्यांनी माना हलवल्या. वहिनीने त्या चेहऱ्यांकडे प्रेमाने पाहिलं. मागे म्हणजे किती मागे, हे तिला प्रत्येकाचं ठाऊक होतं. अमक्याचा भाऊ अध्यक्षांच्या गाडीवर, तमक्याची बदली अध्यक्षांच्या शब्दावर अडलेली. खोटं कुणीच बोलत नव्हतं. घरी पोचेपर्यंत ते खरंच मागे राहिले असते.

चारच्या सुमारास निरीक्षक आले. वरून येतात ते निरीक्षक. माणूस गोड बोलणारा, रुमालाने घाम टिपणारा. त्यांनी पिल्लूच्या गालाला हात लावला, स्टूल ओढून घेतलं आणि पक्ष हे एक कुटुंब कसं आहे ते सांगितलं. घरात थोरल्यांनी एखादा निर्णय घेतला तर धाकटे मान खाली घालतात, त्यातच घराची शोभा. शिवाय पाहणी झाली होती. पाहणीत जावईबापूंचं पारडं जड निघालं. निवडून येण्याची क्षमता, ताई, शेवटी तेच बघावं लागतं.

“पाहणीत कुणाला विचारलंत?” वहिनीने विचारलं.

निरीक्षक म्हणाले की ते शास्त्रीय असतं.

तिने मागे तारांकडे पाहिलं. तिथे पांढऱ्या चादरी टांगलेल्या होत्या. पिल्लू तान्ही होती तेव्हा त्या चादरींच्या आड बसून ती तिला पाजायची आणि अलीकडे बैठक चालू असायची. पत्रकं कुठल्या गल्लीत द्यायची, सभेला खुर्च्या कुणाच्या आणायच्या, हे ती चादरीपलीकडून सांगायची. एकदा पिल्लूच्या अंगात ताप होता आणि तरी ती पक्षाच्या मोठ्या साहेबांच्या सभेला बायका घेऊन गेली होती, कारण बसगाड्या आल्या होत्या आणि त्या रिकाम्या कशा पाठवायच्या. त्या दिवशी आईचा हात शोधत रडून झोपलेलं पोर तिला आत्ता आठवलं, आणि निरीक्षकांचा पुढचा शब्द तिला नीट ऐकूच आला नाही.

ते महिला आघाडीच्या उपाध्यक्षपदाबद्दल बोलत होते. मग उठता उठता, खरं काम सांगावं तसं, म्हणाले की रविवारी मोठे साहेब येतायत, तोवर सगळ्या भिंतींवर जावईबापूंचं नाव चढवून घ्या. चौकातलं तेही बदला. घरचाच पेंटर आहे, बाहेर कुठे जायला नको.

घरचा पेंटर दारात उभा होता. त्याच्या नखांत अजून लाल रंग होता. वहिनी म्हणाली, उद्या सांगते.

घरी गेल्यावर तिने पिल्लूला भात भरवला. पिल्लू एक घास खाई आणि दुसरा बापाच्या तोंडाकडे नेई. बराच वेळ दोघं मुलीशीच बोलत होती. मग तो म्हणाला की त्याचं नाव मी लिहिणार नाही, हात धजणार नाही. वहिनी म्हणाली, हात धजायचा काय प्रश्न, तुमचं काम आहे ते, साबणाची जाहिरात लिहिताना साबण आवडतो का बघता का तुम्ही. तो जरा हसला. मग खाली बघून म्हणाला,

“मी घाई केली नसती तर तुला एवढं लागलं नसतं.”

“लागलं असतंच,” ती म्हणाली. “पण मला एकदा वाचायला तरी मिळालं.”

त्यानंतर त्याला ताट उचलायचं निमित्त करून आत जावं लागलं.

अर्ज भरायचा की नाही, हा एकच प्रश्न होता, आणि तो तिने पिल्लूला थोपटताना सगळ्या बाजूंनी उलटून पाहिला. उभं राहिलं तर पुन्हा दारं वाजवायची, हात जोडायचे, माणसं आणि झेंडे गोळा करायचे. लढायला ती भीत नव्हती. पण पुन्हा कुणाकडे काही मागायचं, या विचारानेच तिचे खांदे दुखू लागले. आणि नाही उभं राहिलं, तर? भिंतींवर जावयाचं नाव, आणि त्या भिंतींखालून आपण पत्रकं वाटत जायचं. बेकरीवाल्याने आपल्या आईकडे बघून दिलेली भिंत. मोठ्या बाईंनी कुणालाच न दिलेली भिंत.

इथे तिचा थोपटणारा हात थांबला. त्या भिंती पक्षाला दिल्याच नव्हत्या कुणी. तिला दिल्या होत्या. वापरायला. आणि तिच्या धंद्याचा तर एकच कायदा होता: दुसऱ्याचं आपल्याकडे आलेलं धुऊन, स्वच्छ करून परत करायचं. ठेवून घ्यायचं नाही, आणि तिसऱ्याच्या अंगावर तर नाहीच चढवायचं.

सकाळी कंडक्टरकाका अर्जाची तयारी करून आले तेव्हा लाँड्रीला कुलूप होतं. नवराबायको बेकरीच्या भिंतीपाशी सापडली. पेंटरच्या हातात चुन्याची बादली होती, किटली अर्धी पुसून झाली होती, आणि वहिनी बेकरीवाल्याला सांगत होती की तुमची भिंत परत करायला आले, इतकी वर्षं वापरू दिलीत, आभारी आहे. बेकरीवाला गोंधळला. भिंत कुणी परत करतं हे त्याने ऐकलं नव्हतं. मग चाचरत म्हणाला, खरं सांगू का वहिनी, मी मत कायम समोरच्यालाच दिलं. भिंत तुमच्यासाठी होती. वहिनीला हसू आलं, आणि हसता हसता डोळेही भरले. एवढा खरा माणूस तिला त्या आठवड्यात पहिल्यांदाच भेटला होता.

कंडक्टरकाकांनी आधी विरोध केला. अर्जाची वेळ टळेल, म्हणाले. ती म्हणाली, टळू द्या काका, मी दमले. त्यांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. शेवटच्या थांब्यावर एकटा उरलेला प्रवासी त्यांनी नोकरीत पुष्कळदा पाहिला होता, आणि अशा माणसाला पुढे चला म्हणायचं नसतं. मग त्यांनी पँट दुमडली आणि दुसरी बादली उचलली.

असं दार दार करत ती हिंडली. मागताना जेवढं अवघड गेलं होतं त्यापेक्षा परत करताना अवघड गेलं. कुणी पाणी दिलं, कुणी अध्यक्षांना शिव्या घातल्या, एका आजींनी विचारलं, मग आता आमच्या नळाचं कुणाला सांगायचं. वहिनी म्हणाली, मलाच सांगा, लाँड्री कुठे पळून जात नाही.

चौकातली भिंत शेवटी आली. मोठ्या बाई काठी टेकत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, हे पुसायचं नाही. भिंत माझी, मी ठेवीन.

“नका ठेवू, बाई,” वहिनी म्हणाली. “मला रोज इथून जायचंय.”

आयुष्यभर पोरांना वर्गातले फळे पुसायला लावणाऱ्या त्या बाईंनी मान फिरवली. पेंटर शिडी चढला, किटली पुसली, घोषणा पुसली, आणि नावापाशी येऊन नुसता उभा राहिला. वहिनीने पदर खोचला, त्याला खाली यायला सांगितलं आणि स्वतः चढली. जवळून नाव वाचता येत नव्हतं, नुसते लाल फराटे दिसत होते. त्यामुळे सोपं गेलं. शेवटच्या अक्षरापासून सुरू करून ती पहिल्यापर्यंत आली. लाल रंग हट्टी असतो, तिला चुन्याचा दुसरा हात द्यावा लागला.

ती उतरत होती तेव्हा टायरवाल्यांचा जावई आला. एकटाच, पायी. निरीक्षकांनी फोनवरून पिटाळलेला दिसत होता. अंगात नवा पांढरा शर्ट, खांद्यावर कारखान्याच्या घडीची रेघ तशीच. याला कुणी इस्त्री केलेली नाही, हे वहिनीच्या आधी लक्षात आलं आणि माणूस मागाहून. त्याने कोऱ्या भिंतीकडे पाहिलं, बादल्यांकडे पाहिलं.

“वहिनी, या भिंती आपल्या पक्षाच्या होत्या ना?”

“मागून घेतलेल्या होत्या. परत केल्या.”

“मग आता मी काय करू?” त्याने विचारलं. त्यात उर्मटपणा नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं.

“दार वाजवा,” ती म्हणाली.

तो दाराकडे बघत राहिला. मोठ्या बाई आत गेल्या होत्या. मग त्याने हळू आवाजात विचारलं, आत कोण राहतं. कंडक्टरकाकांच्या तोंडावर काहीतरी झणझणीत आलं होतं. वहिनीने हातानेच त्यांना थांबवलं. एवढ्याशा प्रश्नाने तिचा राहिलेला रागही दमून खाली बसला. ती म्हणाली, मोठ्या बाई राहतात, त्यांना कमी ऐकू येतं, दोनदा वाजवा. आणि शुद्ध बोला.

ती बादली उचलून निघाली. मागे दार दोनदा वाजल्याचा आवाज आला. उघडल्याचा यायला बराच वेळ लागत होता, आणि ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी पाळणाघरातून बाहेर पडल्यावर वहिनी जवळच्या रस्त्याला वळली. आता लांबून जायचं काही कारण नव्हतं. कपडे साचले होते, आणि कंडक्टरकाकांचा निरोप होता की मागच्या गल्लीत दिवा गेलाय. पण पिल्लूने तिच्या कडेवरून अंग टाकलं, चौकाच्या बाजूला हात पसरले आणि भोकाड पसरलं. लेकराला सवय लागली होती. वहिनी उसासा टाकून चौकाकडे फिरली.

भिंत वाळून पांढरी झाली होती. किटली नव्हती, घोषणा नव्हती, जावयाचं नावही नव्हतं. मोठ्या बाईंनी त्याला अर्धा तास उभं करून, पुढच्या आठवड्यात विचार करून सांगते म्हणून परत पाठवल्याचं सकाळीच लाँड्रीत कळलं होतं. बस आली, थांबली, गेली. पिल्लूने रडणं आवरलं, ओल्या गालांनी त्या कोऱ्या भिंतीकडे पाहिलं, नेमक्या त्याच जागी बोट दाखवलं आणि हाक मारली.

“आई.”

वहिनी तिला काही समजावून सांगणार होती. मग तिने नुसता तिचा गाल पुसला आणि म्हणाली, चल, भूक लागली असेल.